एकच एपिसोड, मग मतं दोन का?

६ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या पर्वाचा निकाल लागला आणि मामाच्या घरात दोन तट पडले. बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण जिंकला होता, अभिजीत सावंत दुसरा आला होता. मामीच्या डोळ्यांत पाणी. ‘पोरक्या पोरानं नाव काढलं,’ ती म्हणाली. तिचाच मुलगा, म्हणजे माझा मामेभाऊ, म्हणाला, ‘सत्तर दिवस त्यानं केलं काय? सहानुभूतीवर मतं मिळाली.’ मामीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पुढे भाजी मागितली नाही.

गंमत अशी की दोघांनी तेच सत्तर दिवस, त्याच दिवाणावर बसून, शेजारीशेजारी पाहिले होते. असं का होतं? एक म्हणतो ‘किती खरा आहे’, दुसरा म्हणतो ‘सगळं नाटक’, आणि दोघंही शपथेवर सांगायला तयार.

हे समजून घ्यायला मी जरा लांब, जपानला नेणार आहे. ‘बिग बॉस’मध्ये मतदान, बक्षीस, नॉमिनेशन असा इतका मसाला आहे की मूळ चव कळत नाही. जपानमध्ये एक असा शो होता ज्यात यातलं काहीच नव्हतं. तरीही प्रेक्षक दुभंगले, आणि त्याचा शेवट फार वाईट झाला.

## लेखक नसलेली मालिका

अमेरिकेत १९९२ साली एमटीव्हीला तरुणांसाठी रोजची मालिका हवी होती. पण लेखक, नट, सेट यांचा खर्च परवडेना. तेव्हा मेरी-एलिस बुनिम आणि जोनाथन मरे या निर्मात्यांनी युक्ती काढली: एकमेकांना न ओळखणारी सात तरुण माणसं न्यूयॉर्कमधल्या एका घरात ठेवायची आणि काय होतं ते चित्रित करायचं. ‘द रिअल वर्ल्ड’ नावाचा हा शो तुफान चालला. आपल्याकडे २००३ मध्ये आलेला ‘रोडीज’ त्याच खानदानातला, फक्त मोटारसायकलवर बसलेला.

लेखक काढून टाकला म्हणून गोष्ट सांगायचं काम कुठे संपत नाही. ते दुसऱ्या दोन माणसांच्या टेबलावर जातं. एक, स्पर्धक निवडणारा. एक तापट, एक लाजाळू, एक गावाकडचा, एक बंगल्यातली अशी माणसं एका स्वयंपाकघरात सोडली की संवाद लिहून द्यावे लागत नाहीत. दुसरा, एडिटर. त्याच्याकडे येतोच.

आणि माणसं तरुणच का? नोकरी पक्की नाही, जोडीदार ठरलेला नाही, स्वतःचा अंदाज स्वतःला नाही. विशी-पंचविशीत प्रत्येक दिवशी काहीतरी बदलू शकतं. पन्नाशीची सहा जणं एका घरात ठेवली तर तिसऱ्या दिवशी वेळापत्रक लागेल आणि चौथ्या दिवशी शो बंद पडेल.

## काहीच न घडणारा शो

‘टेरेस हाऊस’ फुजी टीव्हीवर ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झाला. २०१५ पासून तो नेटफ्लिक्सवरही येऊ लागला आणि जपानबाहेर पोचला. रचना अगदी साधी. तीन मुलगे, तीन मुली, एक सुंदर घर आणि वापरायला गाड्या. बस. बक्षीस नाही, कुणी कुणाला बाहेर काढत नाही, प्रेक्षकांचं मतदान नाही. प्रत्येक जण आपापल्या कामावर, कॉलेजला जातो, संध्याकाळी परत येतो. कंटाळा आला किंवा काम झालं की स्वतःहून घर सोडतो आणि त्याच्या जागी नवा येतो. सुरुवातीलाच सांगितलं जायचं: आम्ही फक्त घर आणि गाडी दिली आहे, संहिता अजिबात नाही.

हा शो आवडणारे म्हणायचे, किती शांत, किती सभ्य, लोक एकमेकांना ‘दमलास ना?’ म्हणतात. न आवडणारे म्हणायचे, भिंतीवर रंग वाळताना बघतोय असं वाटतं. तिसरा गट म्हणायचा, एवढी देखणी माणसं एका घरात योगायोगाने येतात होय? हे ‘यारासे’ आहे. यारासे म्हणजे मुद्दाम घडवून आणलेली, पण आपोआप घडली असं दाखवलेली गोष्ट. जपानी प्रेक्षक हा शब्द आपल्या ‘स्क्रिप्टेड आहे रे’सारखाच वापरतात.

आणखी एक वेगळेपण पुढे महत्त्वाचं ठरलं. शो चालू असतानाच त्याचे भाग प्रसारित व्हायचे, आणि घरातली मुलं ते घरातच बसून बघायची. म्हणजे काही आठवड्यांपूर्वीचे आपण टीव्हीवर कसे दिसलो आणि लोक आपल्याला काय म्हणाले, हे वाचून मग आजची कॉफी करायची.

## लग्नाची कॅसेट आठवा

आता एडिटर. आठवड्यात १६८ तास असतात. ‘टेरेस हाऊस’चा आठवड्याचा भाग साधारण अर्ध्या तासाचा. ‘बिग बॉस’मध्ये दिवसाचे चोवीस तास कॅमेरे चालू, आपल्यापुढे येतो तासाभराचा ऐवज. बाकीचं कुठे जातं? टाकलं जातं. यात कट-कारस्थान नाही. चोवीस तास कुणी बघणार नाही. पण काय ठेवायचं हे ठरवणं म्हणजेच गोष्ट लिहिणं.

लग्नाची कॅसेट आठवा. पाठवणीच्या वेळी नवरी रडते आहे. पुढच्या क्षणी सासूचा चेहरा, दुसरीकडे बघणारा, कोरडा. बघणाऱ्या प्रत्येक आत्याचं मत तिथल्या तिथे तयार होतं: ‘बाई कडक आहे.’ प्रत्यक्षात सासूबाई तेव्हा अहेराची पिशवी कुणाच्या हातात आहे ते शोधत होत्या, तेही वीस मिनिटं आधी. दोन्ही चित्रं खरी आहेत. शेजारी ठेवल्यावर जो अर्थ निघाला तो मात्र मंगल कार्यालयात घडलाच नव्हता.

रिअॅलिटी शोमध्ये हेच चेहऱ्यांबरोबर होतं, आणि कधी वाक्यांबरोबरही. वेगवेगळ्या वेळी बोललेले तुकडे जोडून एक सलग वाक्य तयार करतात, त्याला या धंद्यात ‘फ्रँकेनबाइट’ म्हणतात. फ्रँकेनस्टाइनच्या राक्षसासारखं, इथला हात, तिथला पाय. स्पर्धक बोलत असताना कॅमेरा अचानक ऐकणाऱ्याकडे वळला आणि आवाज मात्र चालू राहिला, तर तिथे शिवण असू शकते. दर वेळी असतेच असं नाही. पण एकदा हे माहीत झालं की डोळा तिकडे जातोच, त्याला इलाज नाही.

## चावडीवरचे सहा जण

‘टेरेस हाऊस’मध्ये स्पर्धक कॅमेऱ्यासमोर एकटे बसून मन मोकळं करत नाहीत. ती जागा दुसऱ्याच लोकांनी घेतली होती. स्टुडिओत सहा जण, नट, विनोदी कलाकार, मॉडेल, सोफ्यावर बसून आपल्यासोबत तोच भाग बघायचे आणि मध्येमध्ये थांबून टिप्पणी करायचे. ‘ती बघितलीस कशी हसली? ते हसू खरं नाही.’ कित्येक प्रेक्षक घरातल्या मुलांपेक्षा या सहा जणांसाठी शो बघायचे. त्यांच्यातल्या एका विनोदी कलाकाराची जीभ फार तिखट. त्याच्या तिखट शेऱ्यांसाठी यूट्यूबवर वेगळी जागाच होती.

आपल्याला ही कल्पना परकी नाही. महेश मांजरेकर सूत्रसंचालक असताना शनिवार-रविवारी ‘चावडी’ भरायची, रितेश देशमुख आल्यावर तिचा ‘भाऊचा धक्का’ झाला. नावं काय अचूक आहेत! चावडीवर माणूस खटला ऐकायला जातो, पण परत येतो तो निकाल घेऊन. आठवडाभर कोण बरोबर, कोण चूक असा मनात गोंधळ असतो. रविवारी कुणाला झाडलं यावरून सोमवारी ऑफिसात कोण वाईट हे ठरलेलं असतं. मतं आपली असतात, पण त्यांना आकार चावडीवर आलेला असतो.

## पण मग सगळ्यांचं मत एकच का होत नाही?

हा रास्त प्रश्न आहे. एडिटर एक, चावडी एक, तर मतं दोन कशी?

याचं सगळ्यात मजेदार उत्तर रिअॅलिटी टीव्हीच्या जन्माआधीचं आहे. नोव्हेंबर १९५१ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांत फुटबॉलचा सामना झाला. अमेरिकी फुटबॉल, म्हणजे धक्काबुक्कीच जास्त. प्रिन्स्टनच्या नामांकित खेळाडूचं नाक मोडलं, डार्टमथच्या एकाचा पाय मोडला. नंतर अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना सामन्याची तीच फिल्म दाखवली आणि म्हणाले, नियमभंग मोजा. प्रिन्स्टनच्या मुलांना डार्टमथच्या संघाचे जेवढे नियमभंग दिसले, त्याच्या निम्मेसुद्धा डार्टमथच्या मुलांना दिसले नाहीत. १९५४ साली त्यांनी हा अभ्यास छापला. त्यांचं म्हणणं, मुलं खोटं बोलत नव्हती. एकच सामना बघून त्यांनी वेगवेगळं मत बनवलं असंही नव्हतं. त्यांनी दोन वेगळे सामने पाहिले होते.

मामी आणि मामेभावाचं हेच झालं. मामीने धुणीभांडी करून भावंडं वाढवली. सूरज गप्प बसला की तिला त्यात बुजलेलं पोर दिसतं. मामेभाऊ गेली तीन वर्षं स्पर्धा परीक्षा देतोय. कमी गुणांवर कुणी पुढे गेलं की त्याच्या पोटात खड्डा पडतो. त्याच गप्प बसण्यात त्याला ‘काही न करता जिंकणं’ दिसतं. भांडण सूरजवरून होतं हे खरं, पण सूरज त्यात अर्धाच होता.

त्यात आपल्या सगळ्यांची एक खोड भर घालते. आपल्याला उशीर झाला तर कारण रस्त्यावर असतं, वाकडजवळ ट्रक बंद पडलेला असतो. दुसऱ्याला उशीर झाला तर कारण त्याच्या स्वभावात असतं, ‘पहिल्यापासूनच असा आहे.’ टीव्हीवर तर परिस्थिती एडिटिंगमध्ये कापलेलीच असते. झोप झाली नव्हती, घरून फोन नव्हता, सकाळपासून चौथ्यांदा कुणी तेच बोललं होतं, यातलं काही पडद्यावर नाही. उरतो फक्त स्वभाव. म्हणून आपण म्हणतो ‘ती रागीट आहे’; ‘त्या दिवशी ती रागावली’ असं म्हणत नाही.

## एका पोशाखाची गोष्ट

‘टेरेस हाऊस’च्या टोकियोतल्या पर्वात २०१९ मध्ये हाना किमुरा आली. बावीस वर्षांची, व्यावसायिक कुस्तीगीर, आईसुद्धा कुस्तीगीर. रिंगणात गुलाबी केसांची खलनायिका, घरात बुजरी आणि लगेच भावुक होणारी. प्रेक्षकांचा मोठा वर्ग तिच्या प्रेमात होता.

मग तो भाग आला. तिचा रिंगणात घालायचा खास पोशाख वॉशिंग मशीनमध्ये राहिला होता. घरातल्या एका मुलाने न बघता आपल्या कपड्यांबरोबर तो धुऊन वाळवला आणि पोशाख आटून गेला. हाना चिडली, त्याला सगळ्यांसमोर सुनावलं आणि त्याच्या डोक्यावरची टोपी उडवली.

एका बाजूचं म्हणणं: तो नुसता कपडा नव्हता, तिचं काम होतं; तबलजीच्या तबल्यावर कुणी पाणी ओतलं तर तो काय हसेल? दुसऱ्या बाजूचं म्हणणं: मशीनमध्ये विसरली तीच, टोपीला हात कशाला लावायचा? दोन्हींत तथ्य आहे. पुलाखाली चहा पिताना तासभर वाद घालावा असा हा विषय.

पण वाद तिथे राहिला नाही. हा भाग ३१ मार्च २०२० ला नेटफ्लिक्सवर आला आणि तिच्या सोशल मीडियावर शिव्यांची लाट आली. मेमध्ये, त्या प्रसंगाशी संबंधित पण आधी न दाखवलेलं चित्रण यूट्यूबवर टाकलं गेलं, मग काही दिवसांत तोच भाग फुजी टीव्हीवर लागला, आणि लाट पुन्हा आली. ती चिडली होती एकदाच. जगाने तिला वेगवेगळ्या तारखांना चिडताना पाहिलं आणि दर वेळी नव्याने शिक्षा दिली. कोरोनामुळे कुस्त्या बंद, शोचं चित्रीकरणही थांबलेलं. २३ मे २०२० ला तिने आपलं आयुष्य संपवलं. चार दिवसांनी शो कायमचा बंद झाल्याची घोषणा झाली.

त्यानंतर जे झालं तेही सांगायला हवं. शिव्या देणाऱ्या कित्येकांनी आपले मेसेज पुसले. आणि नवी गर्दी त्या तिखट जिभेच्या कलाकारावर तुटून पडली. तेच शब्द, फक्त पत्ता बदललेला.

(हे वाचताना स्वतःविषयी किंवा जवळच्या कुणाविषयी काळजी वाटली, तर ‘टेली मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.)

## ‘प्रसिद्धी हवी होती ना? मग सोसा’

हा आक्षेप मी घरातच ऐकलाय. टीव्हीवर जायला कुणी बंदूक लावत नाही, हे खरं. पण करार करताना माणूस आपलं चित्रीकरण विकतो. ते कसं जोडलं जाईल हे त्याला माहीत नसतं, आणि बावीसाव्या वर्षी तर नाहीच नाही. जपानमधल्या प्रसारकांनीच उभारलेल्या बीपीओ या स्वतंत्र संस्थेने या प्रकरणाची चौकशी केली. हानाच्या आईचं म्हणणं होतं की निर्मात्यांनीच मुलीला भडकपणे वागायला लावलं. वाहिनीच्या अंतर्गत चौकशीने ते नाकारलं होतं. मार्च २०२१ मध्ये बीपीओने निष्कर्ष दिला: मानवाधिकारांचा भंग झाला असं म्हणता येत नाही, पण तिची मनःस्थिती नाजूक असताना तो भाग तसाच दाखवणं प्रसारणाच्या नीतीला धरून नव्हतं. म्हणजे न्यायनिवाडा करणाऱ्यांचं मतही सरळ एका बाजूला पडलं नाही.

ब्रिटनने दुसरा रस्ता धरला. तिथल्या ऑफकॉम या नियामक संस्थेने एप्रिल २०२१ पासून वाहिन्यांना बंधन घातलं की कार्यक्रमामुळे ज्यांना इजा होण्याचा धोका आहे अशा सहभागींची योग्य काळजी घ्यायची. त्याच ऑगस्टमध्ये ‘लव्ह आयलंड’च्या एका भागात एक मुलगी जोडीदारावर ओरडली, तर जवळजवळ पंचवीस हजार तक्रारी आल्या. ऑफकॉमने पाहिलं आणि कारवाईची गरज नाही म्हटलं. माझ्या मते दोन्ही निर्णय बरोबर होते. मुलीला सांभाळा, पण भांडण दाखवूच नका असं नाही.

## ‘सगळं खोटंच असतं, मग एवढं मनाला का लावून घ्यायचं?’

हा दुसरा आक्षेप पहिल्याच्या अगदी उलट, आणि मौज म्हणजे तीच माणसं दोन्ही घेतात. घडवून आणलेला प्रसंग असला तरी त्यात रडणारं माणूस खरं असतं, आणि त्याचा फोनही खरा असतो. खलनायकाचं काम करणाऱ्या नटाला लोक पूर्वी बाजारात शिव्या द्यायचे म्हणतात. पण तो घरी गेल्यावर निदान नाव तरी वेगळं असायचं. हानाला घालायला दुसरं नावच नव्हतं.

## मग कायदा करा की

जपानने केला. आधी तिथे ‘अपमान’ या गुन्ह्याला तीस दिवसांहून कमी कोठडी किंवा दहा हजार येनपेक्षा कमी दंड होता. हानाला शिव्या घालणाऱ्या कित्येकांपैकी दोघांना प्रत्येकी नऊ हजार येन भरावे लागले, एवढंच. जपानभर संताप झाला. जून २०२२ मध्ये कायदा बदलला: एक वर्षापर्यंत कैद किंवा तीन लाख येनपर्यंत दंड, ७ जुलैपासून लागू. विरोधकांना भीती होती की उद्या पुढाऱ्यावर टीका केली तरी हेच कलम लावतील, म्हणून तीन वर्षांनी आढावा घ्यायची अट घातली गेली.

ही भीती महाराष्ट्राला नवी नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद पडल्याबद्दल फेसबुकवर लिहिलं, लाइक केलं म्हणून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. त्यानंतर श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द झालं. ‘त्रासदायक’, ‘अपमानकारक’ हे शब्द इतके सैल होते की त्यात कुणीही अडकावं. तेव्हा हानासाठी जो कायदा अपुरा वाटतो, तोच पालघरमध्ये जाच होऊ शकतो. इथे माझं मत पक्कं नाही, आणि ज्यांचं आहे त्यांच्याकडे मी जरा संशयाने बघतो.

## म्हणजे आम्ही बोलायचंच नाही का?

असं कोण म्हणतंय? बोलण्यासाठीच तर हे शो असतात. भांडण हा त्यांच्यातला अर्धा माल आहे. मामाच्या दिवाणावरचं भांडण मोढव्यापर्यंत पोचत नाही. फोनवर लिहिलेलं पोचतं, थेट त्या माणसाच्या उशाशी, आणि तिथे ते एकटं पोचत नाही.

परवा मामीला ‘टेरेस हाऊस’चं एक जुनं पर्व लावून दिलं. जपानी भाषा, खाली इंग्रजी ओळी, मामेभाऊ मराठीत सांगतोय. दहा मिनिटांत मामी म्हणाली, ‘यात काही होतच नाही गं बाई.’ अकराव्या मिनिटाला सरसावून बसली. बघत बघत आम्ही त्या पर्वातल्या गाजलेल्या भागापर्यंत आलो. केस कापणाऱ्या एका मुलाला गिऱ्हाईकाने उंची मांस भेट दिलेलं असतं. तो ते जपून ठेवतो, आणि तो बाहेर असताना त्याची मैत्रीण आणि इतर मंडळी ते शिजवून खातात. परत आल्यावर तो दुखावतो. जपानमध्ये यावरून प्रेक्षकांची उभी फाळणी झाली होती.

आमच्याकडेही झाली. मामेभाऊ म्हणाला, ‘एवढ्याशा मटणासाठी एवढं?’

मामी म्हणाली, ‘दुसऱ्याच्या नावाचं ठेवलेलं खायचं नसतं.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘पण फोन करून विचारलं असेल की त्यांनी. ते दाखवलं का?’

कुणालाच नीट आठवेना. मामेभावाने रिमोट घेतला आणि भाग मागे नेला.